उजव्या पायाची ऊब

म्हैसुरातील शिंपीगल्लीच्या विठ्ठलमंदिरात पहाटेच्या काकडआरतीला मूर्तीचा उजवा पाय गरम लागे आणि डावा गार. संध्याकाळच्या आरतीला दोन्ही पाय गार असत. बुधवारी पहाटेही दोन्ही पाय गार असत.

मंदिराचा जीर्णोद्धार झाल्यानंतर हे सुरू झाले, आणि एकोणीसशे ब्याऐंशी सालापर्यंत गल्लीने त्याचा अर्थही लावून टाकला होता. बुधवार हा विठ्ठलाचा वार. त्या दिवशी देव पंढरपुरात असतो, म्हणून इथले पाय गार. इतर दिवशी तो पहाटे चालत म्हैसुरास येतो. उजवा पाय पुढे टाकून येतो, म्हणून उजवा गरम. संध्याकाळपर्यंत चालण्याचा शीण उतरतो. या स्पष्टीकरणात एकही निरीक्षण सुटलेले नव्हते, आणि ते तपासण्याची सोयही ठेवलेली नव्हती. शहराबाहेरच्या हिनकलपासून माणसे पहाटे येऊन त्या पायावर कपाळ टेकवून जात.

मंदिराचा आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या हायस्कूलचा ट्रस्ट एकच होता. खंडोजीराव त्याचे अध्यक्ष. मंदिराच्या मागच्या बाजूला त्यांचा शिवणकामाचा मोठा कारखाना होता. गल्लीत त्यांना सगळेच मामा म्हणत. शाळेत विज्ञान शिकवणारी जयलक्ष्मीही मामाच म्हणे, कारण तिचे वडील त्याच गल्लीत आयुष्यभर कोट शिवत आले होते. वडील गेल्यावर ती आणि तिची आई शांताक्का अशा दोघीच घरी उरल्या. शांताक्काच्या हातांची बोटे संधिवाताने वाकली होती. रोज पहाटे ती दोन्ही हात विठ्ठलाच्या उजव्या पायावर ठेवून डोळे मिटे. त्यानंतर दिवसभर बोटे जरा बरी चालतात, असे ती म्हणे. ऊब सांध्यांना बरी वाटते हे जयलक्ष्मीला माहीत होते. ती कुठून येते हे माहीत नव्हते.

नववीच्या वर्गात ती एके दिवशी उष्णतेचे वहन शिकवीत होती. लोखंडी सळईला मेणाचे गोळे चिकटवून, एक टोक स्पिरिटच्या दिव्यावर धरून, कोणता गोळा आधी पडतो ते ती दाखवीत होती. तास कन्नडमध्ये चाले. शंका मात्र गल्लीतली मुले घरच्या मराठीत विचारीत आणि तीही त्याच भाषेत उत्तर देई.

"मिस, दगडातनं बी असंच जातंय का?" वसंताने विचारले. वसंता ही खंडोजीरावांची नात.

"जातं. पण फार हळू."

"मग देवाचा उजवा पाय गरम कशानं होतो? तिथं विस्तव तर नाही की."

जयलक्ष्मीने दिवा विझवला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण कारण असलं पाहिजे, आणि ते सापडण्यासारखं आहे. बुधवारी पाय गार असतो, अल्वा, हो ना? म्हणजे इतर रात्री काहीतरी होतं ते मंगळवारी रात्री होत नाही. काय होत नाही, ते शोधायचं."

"बुधवारी देव पंढरपूरला जातो की मिस!" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले.

"तेही कारण असू शकेल. मग पंढरपुरात बुधवारी पाय गरम असतो का, ते पत्र घालून विचारायला पाहिजे."

वर्ग हसला. पुढे आरोपपत्राच्या दुसऱ्या कलमात या हसण्याची नोंद झाली.

संध्याकाळपर्यंत तिचे उत्तर गल्लीतून फिरून परत आले तेव्हा त्याचा आकार बदललेला होता. मंगळवार सोडून इतर रात्री पुजारी नरहरी गाभाऱ्यात विस्तव नेतो, असे जयलक्ष्मीने मुलांना शिकवले, असे आता सगळ्यांना ठाऊक होते. नरहरी देवळाच्या पायरीवर बसून रडला. तो खरोखरच निर्दोष होता, त्यामुळे त्याचे रडणे फार परिणामकारक झाले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर शेषगिरींनी तिला बोलावले. शेषगिरी स्वतः रसायनशास्त्राचे पदवीधर होते. आवाज चढवणे त्यांना कधी जमले नव्हते आणि त्याची त्यांना कधी गरजही पडली नव्हती.

"जयलक्ष्मम्मा, बसा. तुम्ही जे बोललात त्यात चूक काहीच नाही. मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं."

"मग?"

"मनात म्हटलं असतं." ते हसले. "आता एवढंच करा. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या मुलांसमोर सांगा, की देवाच्या पायाची ऊब ही देवाची इच्छा आहे आणि तिथं कारण शोधायचं नसतं. दोन वाक्यं. मामांनी शब्द दिलाय, विषय तिथंच मिटेल. नाहीतर नोकरी राहत नाही. मी स्पष्ट सांगतो, कारण नंतर तुम्ही म्हणाल की मास्तरांनी सांगितलं नाही."

"पहिलं वाक्य मी म्हणेन," जयलक्ष्मी म्हणाली. "देवाची इच्छा असेलही, मला ती मोजता येत नाही. दुसरं म्हणणार नाही."

"दुसरंच तर हवंय त्यांना."

"कारण शोधायचं नसतं असं मी सोमवारी सांगितलं, तर मंगळवारी त्याच मुलांना मेणाचे गोळे कशासाठी दाखवू?"

"परीक्षेसाठी," शेषगिरी म्हणाले. हे त्यांनी कोणताही उपहास न करता म्हटले.

सोमवार आला. प्रार्थना झाली, शेषगिरींनी तिच्याकडे पाहिले, आणि ती मुलांच्या रांगेमागे हात बांधून उभी राहिली. मंगळवारी गल्लीने आपले काम सुरू केले. तिच्यावर कोणी ओरडले नाही. दूधवाल्याने दूध संपले म्हणून सांगितले. शेजारच्या नागरत्नाने हळदीकुंकवाला बोलावले नाही. याने जयलक्ष्मीचे काही बिघडले नाही, हे गल्लीच्याही लवकरच लक्षात आले. मग गल्लीने शांताक्काकडे मोर्चा वळवला.

गुरुवारी पहाटे शांताक्का नेहमीप्रमाणे रांगेत उभी होती. तिची पाळी आली, ती वाकली, हात पुढे केले, आणि नरहरीने पडदा ओढला. ती तशीच वाकून थांबली. नैवेद्य असेल, असे तिला वाटले. पडदा उघडला तेव्हा नरहरीने तिच्या मागच्या बाईला पुढे यायची खूण केली. शांताक्का सरकली नाही, तेव्हा पुन्हा पडदा ओढला गेला. असे तीनदा झाले. मागून कोणीतरी म्हणाले, "अक्का, घरी लेक हाय की शास्त्रज्ञ. तिला म्हणावं, मेणबत्तीवर शेक बोटं." रांग हसली. वर्गात मुले हसली होती त्याची ही परतफेड असल्याचे जो बोलला त्यालाही माहीत नसावे.

शांताक्का घरी येऊन भिंतीला टेकून बसली.

"जयू, म्हण ग एकदा," ती म्हणाली. "तोंडानं म्हणायला काय जातंय? देव सुम्ने, गुपचूप ऐकून घेईल. त्याला ठाऊक नाही का तुझ्या मनातलं?"

"त्याला ठाऊक असेल, आई. मुलांना नसतं."

"मुलं विसरतील ग."

"म्हणूनच."

शांताक्काने आपले हात पदराखाली झाकून घेतले. त्यानंतर हा विषय तिने काढला नाही, पण रोज पहाटे ती उठून बसे, लुगडे नेसे आणि देवळाची घंटा ऐकू येईपर्यंत उंबऱ्यावर बसून राही. जयलक्ष्मीने तिला गरम पाण्याची पिशवी आणून दिली. शांताक्काने ती घडी करून कपाटात ठेवली.

चौकशी शाळेच्या ग्रंथालयात झाली. टेबलाच्या पलीकडे खंडोजीराव, त्यांच्या उजवीकडे शिंपी समाजातले वकील येसाजीराव आणि डावीकडे शेषगिरी बसले होते. नरहरी फिर्यादी म्हणून भिंतीजवळ उभा होता. येसाजीराव हायकोर्टात जाऊन आलेले वकील होते आणि कायद्याशी अप्रामाणिकपणा करणे त्यांना कमीपणाचे वाटे.

जयलक्ष्मीने सुरुवातीलाच एक मागणी केली. चौकशीसमितीने आधी मूर्तीचे पीठ पाहावे. आपण पुजाऱ्यावर आरोप केलेला नाही. पाहिले तर त्यांच्यावरचा संशयही जाईल.

"पायाची चौकशी नाही ही," येसाजीराव म्हणाले. "तुमच्या बोलण्याची आहे."

"पण मी बोलले ते खरं की खोटं, हे पायावरून ठरणार ना?"

"तुम्ही बोललात हे ठरलं की आमचं काम झालं. खरं असेल तर जास्तच वाईट."

खंडोजीराव हसले. जयलक्ष्मीने कागद काढला. वैज्ञानिक दृष्टी वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, असे कलम काही वर्षांपूर्वी घटनेत घातले गेले होते, ते तिने वाचून दाखवले. भाषणस्वातंत्र्याचे कलमही वाचले.

"छान वाचता," येसाजीराव म्हणाले. "आता ऐका. पहिलं कलम कर्तव्य सांगतं. कर्तव्यावरून सरकार तुम्हाला बोल लावू शकेल, तुम्ही आम्हाला लावू शकत नाही. दुसरं कलम हक्क सांगतं. तो हक्क तुम्हाला पूर्ण आहे. आत्ता चौकात जाऊन उभ्या राहा आणि देवाच्या पायाबद्दल वाटेल ते बोला, मी स्वतः तुमचं वकीलपत्र घेतो. फी न घेता. पण वर्गाचं दार ओलांडलं की तोंड ट्रस्टचं. खडू ट्रस्टचा, फळा ट्रस्टचा, तसं."

"म्हणजे हेच मी चौकात बोलले असते तर नोकरी राहिली असती?"

"चौकात तुम्हाला विचारलं कोणी असतं?"

वर्ग ही अशी एकच जागा होती जिथे कोणी तिला विचारत असे, आणि नेमके तिथेच उत्तर द्यायचे नव्हते.

मग वसंताला आत आणले. तिने नवा परकर नेसला होता आणि केसांत मल्लिगेचा गजरा माळला होता. आजोबांनी तिला समारंभाला नेतात तसे आणले होते. मिस काय बोलल्या, हे तिने जसेच्या तसे सांगितले. कुठेही शब्द वाढवला नाही की गाळला नाही. प्रयोग लिहिताना जे पाहिले तेवढेच लिहायचे, असे जयलक्ष्मीने तिला शिकवले होते.

"देव नाही, असं म्हणाली?" खंडोजीरावांनी विचारले.

"नाही, ताता."

"नरहरी विस्तव ठेवतो, असं?"

"नाही. तसं कुणीच म्हणालं नाही."

नरहरीने मान खाली घातली. आरोपपत्राची दोन्ही कलमे मोडून पडली होती. येसाजीराव लेखणी टेबलावर आडवी ठेवून छताकडे पाहू लागले. धार्मिक भावनांच्या कारणावरून काढले तर बाई अपिलात जातील आणि जिंकतील, असे त्यांनी खंडोजीरावांच्या कानात सांगितले. ते खोलीत सर्वांना ऐकू गेले. जयलक्ष्मीलाही. तिने त्या क्षणी पहिल्यांदा खुर्चीच्या पाठीला पाठ टेकली.

त्या वेळी शेषगिरी बोलले. दिवसभरात ते पहिल्यांदाच बोलत होते.

"वसंता, पुट्टी बाळ, तू प्रश्न विचारलास तेव्हा मिसचं अगदी पहिलं वाक्य काय होतं?"

"'मला माहीत नाही.'"

"आणि प्रश्न कशावर होता?"

"उष्णतेच्या वहनावर."

"धड्यातला?"

"हो, सर."

"जा, घरी जा तू," शेषगिरी म्हणाले, आणि येसाजीरावांकडे वळले. "बोलण्याबद्दल काढायची गरजच काय? शिक्षिकेला स्वतःच्या विषयातल्या, चालू धड्यातल्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. भर वर्गात त्यांनी ते कबूल केलं. साक्षीदार आहे. साक्षीदाराचा प्रामाणिकपणा बाईंनाही मान्य असावा."

येसाजीरावांनी लेखणी उचलली.

"जिला येत नाही ती शिकवते कशाला?" खंडोजीराव म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचे आश्चर्य होते. हा प्रश्न आपल्याला आधीच कसा पडला नाही, असे त्यांना वाटले असावे.

'विषयाचे अपुरे ज्ञान' या कारणावरून जयलक्ष्मीला सेवेतून कमी करण्यात आले. ठरावात देवाचे नाव नव्हते. अपिलात वरच्या अधिकाऱ्याने कागद वाचून तिला एकच विचारले, "तुम्ही 'मला माहीत नाही' असं म्हणालात का?" ती हो म्हणाली. तो सौम्य माणूस होता. नाही म्हणून सांगा, असे त्याने डोळ्यांनी सुचवूनही पाहिले. तिने पुन्हा हो म्हटले.

वसंताला शाळेतून काढून पिरियापट्टणला आत्याकडे पाठवले. तिने कोणाचेही नाव घेतले नव्हते. पण जे विचारू नये ते तिने विचारले होते, आणि जसे सांगू नये तसे सांगितले होते.

'विषयाचे अपुरे ज्ञान' असा शेरा असलेली विज्ञानशिक्षिका म्हैसुरातल्या कोणत्याच शाळेला नको होती. हेब्बाळच्या कारखान्यांतही तिने विचारून पाहिले. पावसाळा संपता संपता खंडोजीराव स्वतः तिच्या दारात आले. येताना ते गल्लीच्या मधून, सर्वांना दिसतील असे चालत आले.

"शांताक्का, कशी हायस? जयू, घरी बसून काय करणार? माझ्याकडे ये की. मशीन रिकामी हाय. बापाचं काम, लाज कसली? वैर नाही माझं कुणाशी." मग शांताक्काकडे पाहून ते म्हणाले, "आणि अक्का, तू उद्यापास्न देवळात ये. नरहरीला सांगतो मी."

शांताक्काने त्यांच्या पाया पडायला हात पुढे केले, आणि जयलक्ष्मीने होकार दिला.

कारखान्यात तिला शाळेचे गणवेश शिवायला दिले. तिच्याच शाळेचे. शिंपी तिला अजून मिसच म्हणत. "मिस, दोरा तुटला. कारण शोधायचं की गाठ मारायची?" "अरे, तिला विचारू नको रे, तिला माहीत नसतं." ही थट्टा रोज व्हायची आणि थट्टेचा कोणाला कंटाळा येत नसे. सर्वांत नवीन म्हणून कारखाना बंद करतानाचे काम तिच्याकडे आले: इस्त्र्या रिकाम्या करणे. वीजकपातीचे दिवस होते. कारखान्यात कोळशाच्या इस्त्र्या चालत. संध्याकाळी त्यांतले निखारे मागच्या भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या दगडी कुंडीत ओतायचे आणि वर राख दडपायची. राखेखाली ते रात्रभर धुमसत राहत, आणि सकाळी त्यांच्यावरच पहिली इस्त्री पेटे. इस्त्रीची ही खोली पूर्वी मंदिराचे कोठार होती. जीर्णोद्धाराच्या वेळी अध्यक्षांनी ती कारखान्याला जोडून घेतली होती.

पहिल्याच मंगळवारी ती सवयीने घरी राहिली. मंगळवारी कात्री लावायची नाही, ही गल्लीची जुनी रीत. कात्री नाही म्हणजे शिवण नाही, शिवण नाही म्हणजे इस्त्री नाही. तिच्या वडिलांनीही ही रीत जन्मभर पाळली होती. मंगळवारी काय होत नाही, याचा विचार तिने नोकरी जाण्यापूर्वी पुष्कळ केला होता. पण तिने फक्त देवळात काय होत नाही एवढेच पाहिले होते. शिंप्याच्या घरात वाढलेल्या माणसाला मंगळवारची सुट्टी दिसत नाही.

बुधवारी संध्याकाळी तिने कुंडीतली जुनी राख फावड्याने पूर्ण बाजूला केली. तळाचा दगड कुंडीच्या इतर दगडांसारखा नव्हता. तो काळा आणि घोटीव होता आणि भिंतीखाली शिरत होता. भिंतीच्या कडेशी त्यावर कमळाच्या पाकळीचा अर्धा भाग कोरलेला दिसत होता. उरलेली अर्धी पाकळी तिने लहानपणापासून गाभाऱ्यात पाहिली होती. विठ्ठलाच्या उजव्या पायाखाली.

एवढ्यावर ती समाधानी झाली नाही. गुरुवारी संध्याकाळी तिने निखारे कुंडीत न ओतता बादलीत घेतले आणि अंगणातल्या नळाखाली विझवले.

शुक्रवारी पहाटे विठ्ठलाचे दोन्ही पाय गार होते.

देवळात आधी कुजबुज आणि मग आक्रोश झाला. बुधवार नसताना देव निघून गेला होता. कशामुळे, याचा शोध लागायला वेळ लागला नाही. बाटलेल्या घरातली म्हातारी पुन्हा पायाला हात लावू लागली होती. चार बायांनी शांताक्काला दंडाला धरून पायरीखाली आणले आणि तिने हात लावला होता तेवढी जागा गोमूत्राने धुतली. घरी आल्यावर शांताक्का रडली नाही. "माझ्यामुळं गेला तो," ती म्हणाली. तिचाही त्यावर पूर्ण विश्वास बसला होता. जयलक्ष्मी समोर बसली होती. खरे कारण तिला ठाऊक होते, पण एकच निरीक्षण झाले होते आणि एक निरीक्षण योगायोग असू शकते. त्या संध्याकाळी तिने निखारे कुंडीत ओतले. शनिवारी उजवा पाय गरम होता, आणि देव म्हातारीला हाकलल्यामुळे परत आला हे सिद्ध झाले.

पुढच्या आठवड्यात तिने प्रयोग पुन्हा केला. या वेळी शांताक्का घराबाहेर पडलेली नव्हती. पाय तरीही गार पडला. आपली आई कारण नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा देता येणार नव्हता, आणि आता लोक तो स्वतःच वाचतील अशी तिला आशा होती. गल्लीने तो असा वाचला: म्हातारीचे पाप आता घरात बसूनही पोचते. संध्याकाळी त्यांच्या दारावर कोणीतरी शेण फेकले. शांताक्काने ते स्वतःच्या वाकड्या बोटांनी धुऊन काढले. जयलक्ष्मीला तिने हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी कारखाना बंद झाल्यावर जयलक्ष्मीने खंडोजीरावांना इस्त्रीच्या खोलीत बोलावले. कुंडीतली राख काढली, दगड दाखवला, पाकळी दाखवली, दोन्ही प्रयोग सांगितले. खंडोजीरावांनी वाकून त्या दगडावर तळवा ठेवला. ते भाविक माणूस होते.

"हे आणखी कुणाला ठाऊक हाय?"

"मला होतं. आता तुम्हाला."

"वर्गात हेच सांगणार होतीस?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं, मामा."

"मग बरं झालं वेळेत काढलं ते." ते उठले, धोतराला हात पुसले. चेहऱ्यावरचा धक्का जाऊन तिथे हिशेबी शांतपणा आला होता. "ऐक. निखारे रोज तूच ओतायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. पाय गरम राहील तोवर शांताक्काला मी पहिल्या रांगेत बसवतो. देवानं तिला माफ केलं असं नरहरीकडनं सांगवतो. एक दिवस गार पडला, की तिला पायरी बंद. जन्मभर."

"आणि मी हे बोलले तर?"

"बोल की. तुला कोण अडवतंय? येसाजी म्हणालाच हाय, चौकात हक्क हाय तुला. इस्त्रीवाली बाई, शाळेतनं काढलेली. बोल." दाराशी जाऊन ते वळले. "मंगळवारी मात्र ओतू नको. बुधवारी देव पंढरपूरला जातो, ते लोकांना पाठ झालंय."

जयलक्ष्मीने इस्त्र्यांची झाकणे उघडली.

कारण असे आहे. मूर्तीचे दोन पाय दोन वेगळ्या शिळांवर आहेत आणि त्यांच्यामध्ये अभिषेकाच्या पाण्याची पन्हळ आहे. उजवीकडची शिळा लांब असून भिंतीखालून पलीकडच्या इस्त्रीच्या खोलीत निघते, आणि तिचे मागचे टोक निखाऱ्यांच्या कुंडीचा तळ झाले आहे. दगडातून उष्णता इतकी हळू सरकते की वीत-दीडवीत अंतर कापायला तिला रात्र लागते. म्हणून संध्याकाळी पाय गार आणि पहाटे गरम. डावी शिळा आखूड आहे आणि पन्हळीने तुटलेली आहे. म्हणून डावा पाय गार. मंगळवारी शिंपी कात्री लावत नाहीत, त्यामुळे इस्त्र्या पेटत नाहीत. म्हणून बुधवारी दोन्ही पाय गार. कुंडीत निखारे त्या वर्षीच्या दिवाळीपासून जयलक्ष्मी ओतते.